चाच्यांना थारा कोणी दिला?

मंडळाची सहल अलिबागला गेली होती, ती पुष्कळ मैत्रिणींच्या स्मरणात असेल. ओहोटीची वेळ साधून आपण साऱ्याजणी चालत कुलाबा किल्ल्यात गेलो, गणपतीचे दर्शन घेतले आणि परतल्यावर गावात कान्होजी आंग्र्यांच्या समाधीपाशी थोडा वेळ टेकलो. माझी नात बरोबर होती. तिने सर्वांदेखत मला विचारले, "आजी, आंग्रे चाचे होते का गं? माझ्या इंग्रजी पुस्तकात तसंच लिहिलंय." मी "छे गं, ते तर मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल," असे म्हणून वेळ मारून नेली. पण माझ्या उत्तराने माझेच समाधान झाले नाही. चाचा कोणाला म्हणावे आणि कोणाला म्हणू नये, हे मला धड सांगता आले नव्हते.

घरी आल्यावर वाचनालयातून मिळतील ती पुस्तके आणली आणि दुपारच्या फावल्या वेळात वाचत बसले. वाचता वाचता माझा प्रश्नच पालटला. चाचा कोण, यापेक्षा चाच्याला थारा कोण देतो, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटू लागला. चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा तीच हकीकत आपणापुढे ठेवावी असे ठरविले.

चाचा म्हटला की गोष्टीतला, डोळ्यावर पट्टी आणि खांद्यावर पोपट असलेला माणूस आपल्यासमोर उभा राहतो. तो जणू समुद्रातच जन्मतो आणि समुद्रातच संसार करतो. प्रत्यक्षात समुद्रावर कोणालाही फार दिवस राहता येत नाही. लाकडी जहाजाच्या बुडाला काही महिन्यांतच शेवाळ आणि शिंपले चिकटतात, लाकूड पोखरणारा किडा लागतो आणि जहाज मंदावते. मग ते एखाद्या शांत खाडीत नेऊन, किनाऱ्यावर चढवून, कुशीवर कलते करावे लागते. बूड खरवडायचे, फटी बुजवायच्या, त्यावर डांबर आणि चरबीचा हात द्यायचा. तेवढे दिवस जहाज अगदी असहाय असते. शिवाय गोडे पाणी, जळण, धान्य, दोर, शिडाचे कापड, बंदुकीची दारू हे सारे जमिनीवरूनच यायचे.

आणि सर्वांत मोठी अडचण लुटीची. रेशमाचे तागे काही खाता येत नाहीत. ते विकत घेणारा भेटला तरच त्यांना किंमत. म्हणजे चाच्याला तीन गोष्टी लागतात: आडोशाचे बंदर, डोळेझाक करणारा अधिकारी आणि चौकशी न करता माल घेणारे गिऱ्हाईक. पहिली गोष्ट निसर्ग देतो. उरलेल्या दोन माणसांनी द्याव्या लागतात.

त्या कशा दिल्या जात, हे आपल्याच किनाऱ्याजवळ घडलेल्या एका प्रसंगावरून चांगले दिसते. हेन्री एव्हरी नावाचा एक इंग्रज खलाशी होता. १६९४ साली स्पेनच्या कोरुन्ना बंदरात त्याचे जहाज महिनोन् महिने अडकून पडले होते आणि खलाशांचा पगार थकला होता. मे महिन्यात एका रात्री त्यांनी बंड करून जहाज पळविले, त्याचे नाव 'फॅन्सी' ठेवले आणि एव्हरीला कप्तान केले. आफ्रिकेला वळसा घालून ते हिंदी महासागरात आले. १६९५ च्या उन्हाळ्यात तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, बाब-एल-मांदेब येथे, ते दबा धरून बसले. त्यांच्यासारखीच आणखी काही जहाजे तेथे येऊन मिळाली. त्यांतील कित्येक इंग्रजांच्या अमेरिकेतल्या वसाहतींतून आली होती.

तेथेच का बसायचे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. मक्केची यात्रा आणि मोख्याचा व्यापार आटोपून सुरतेची जहाजे पावसाळ्याच्या अखेरच्या वाऱ्यावर परत निघत. माल विकून आलेले सोने-चांदी तेव्हा जहाजांत असे.

सप्टेंबर १६९५ मध्ये एव्हरीने औरंगजेब बादशहाचे 'गंज-इ-सवाई' हे मोठे जहाज सुरतेच्या वाटेवर गाठले. सुरतेच्या बंदरात त्याच्याएवढे मोठे जहाज नव्हते. त्यावर ८० तोफा आणि ४०० बंदुका होत्या, असे मोगल इतिहासकार खाफीखान सांगतो. पण लढाईच्या सुरुवातीलाच जहाजावरची एक तोफ फुटून आपलीच माणसे मेली आणि चाच्यांच्या गोळ्याने डोलकाठी मोडली. जहाजाचा कप्तान इब्राहिमखान खाली दडून बसला. मक्केहून विकत आणलेल्या दासींच्या डोक्यांवर पागोटी बांधून त्याने त्यांनाच लढायला वर पाठविले, असेही खाफीखानाने नमूद केले आहे. जहाजात ५२ लाख रुपयांचे सोने-चांदी होते, असे तो म्हणतो. इंग्रज कंपनीने हा आकडा पुष्कळ कमी धरला.

याच जहाजात यात्रेहून परतणाऱ्या अनेक स्त्रिया होत्या. चाच्यांनी कित्येक दिवस जहाज ताब्यात ठेवून त्यांचे जे हाल केले ते येथे लिहवत नाही. काहींनी समुद्रात उड्या घेतल्या, काहींनी खंजीर खुपसून जीव दिला. एव्हरीचे नाव पुढे गोष्टींत आणि गाण्यांत गाजले. १७१२ साली लंडनच्या रंगभूमीवर त्याच्यावर बेतलेले नाटकही आले. त्या स्त्रियांना मात्र 'काही बायका' एवढेच म्हणून इतिहास पुढे जातो.

लुटलेले जहाज सुरतेस पोहोचले तेव्हा शहरात हलकल्लोळ झाला. चाचे इंग्रज होते, तेव्हा इंग्रजांची वखार यात सामील असली पाहिजे, असे लोकांनी ठरविले. वखारीचा मुख्य सॅम्युएल ॲन्स्ली आणि त्याचे सहकारी यांना बेड्या घालून कित्येक महिने कोंडून ठेवण्यात आले. यात्रेकरूंच्या जहाजांना यापुढे आम्ही संरक्षण देऊ, असे कंपनीने कबूल केल्यावर त्यांची सुटका झाली. इकडे इंग्लंडमध्ये एव्हरीला पकडून देणारास ५०० पौंडांचे बक्षीस लागले आणि कंपनीने ते वाढवून १,००० पौंड केले.

पण एवढी लूट घेऊन एव्हरी जाणार कोठे होता? येथून थाऱ्याची खरी कहाणी सुरू होते.

मादागास्करच्या ईशान्य किनाऱ्याला लागून सेंट मेरी नावाचे एक लांबट बेट आहे. तेथे १६९१ च्या सुमारास ॲडम बाल्ड्रिज नावाच्या माणसाने ठाण मांडले. त्याने तटबंदी केली, वखारी बांधल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या चाच्यांना माल पुरविण्याचे दुकानच थाटले. हा माल कोठून येई? थेट न्यूयॉर्कहून. तेथला बडा व्यापारी फ्रेडरिक फिलिप्स हा गव्हर्नरच्या सल्लागार मंडळाचा सभासद होता, शहरातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक होता. त्याने १६९३ साली पाठविलेल्या एका जहाजाची यादी बाल्ड्रिजच्या जबानीत आली आहे. ४४ जोड बूट, सहा डझन मोजे, तीन डझन सदरे व चोळणे, टोप्या, सुताराची हत्यारे, पाच पिंपे रम, दारूचे पेटारे, तोफेची दारू, बागेसाठी बियाणे, मुलांची अंकलिपी, धर्माची प्रश्नोत्तरे आणि दोन बायबले! चोरांच्या बेटावर बायबल पाठविताना या गृहस्थाच्या मनात काय आले असेल, असा विचार माझ्या मनात राहून राहून येतो.

नफा मात्र डोळे दिपविणारा होता. न्यूयॉर्कला दोन शिलिंगांना मिळणारी गॅलनभर रम सेंट मेरीला तीन पौंडांपर्यंत जाई, म्हणजे तिप्पट नव्हे, तीसपट! त्या बदल्यात चाच्यांकडचे रोख नाणे येई. आणि नुसते नाणेच नव्हे, मादागास्करची माणसेही गुलाम म्हणून जहाजात भरून येत. १६९३ च्या त्या एका फेरीत बाल्ड्रिजने ३४ गुलाम परत पाठविले, असे तोच सांगतो. अखेर १६९७ साली बेटावरल्या लोकांनी उठाव करून ते ठाणे मोडले. बाल्ड्रिज त्या वेळी बाहेर होता म्हणून वाचला. त्याने आपल्याच माणसांना फसवून जहाजात भरले आणि विकले, यावरून ते लोक खवळले होते.

न्यूयॉर्कचा गव्हर्नर बेंजामिन फ्लेचर हे सारे जाणून होता. टॉमस ट्यू या नामांकित चाच्याला तो आपल्या सहा घोड्यांच्या गाडीतून मिरवीत असे. ३०० पौंड घेऊन त्याने ट्यूला राजाच्या शत्रूंशी लढण्याचा परवानाही दिला. तो परवाना खिशात घालून ट्यू तांबड्या समुद्राकडे गेला आणि एव्हरीच्याच सोबतीत असताना मोगलांच्या जहाजाशी लढताना मेला. पुढे विचारणा झाली तेव्हा फ्लेचरने खुलासा केला की, ट्यूला शिव्या देण्याची वाईट खोड होती, ती सुटावी म्हणून आपण त्याच्याशी स्नेह ठेवला आणि त्यासाठी एक पुस्तकही वाचावयास दिले. कुंपणच शेत खाऊ लागल्यावर राखण करायची कोणी?

लोकांनी हे का चालू दिले, याचेही कारण आहे. वसाहतींनी युरोपचा माल इंग्लंडमार्फतच घ्यावा असे इंग्रजांचे कायदे होते. त्यामुळे माल महाग पडे आणि हातात रोकड नसे. अशा वेळी अरबस्तानचे सोने आणि हिंदुस्थानचे रेशीम स्वस्तात घरी येत असेल तर कोण नको म्हणेल? त्यांतली काही नाणी अजून मिळतात. १६९३ साली येमेनमध्ये पाडलेले एक चांदीचे नाणे २०१४ साली ऱ्होड आयलंडमधल्या एका फळबागेच्या जमिनीत सापडले.

एव्हरी स्वतः १६९६ च्या वसंतात वेस्ट इंडीजकडे, बहामा बेटांतील नासाऊ बंदरात गेला. तेथील गव्हर्नर निकोलस ट्रॉट याला त्याने 'हेन्री ब्रिजमन' असे खोटे नाव कळविले. बंदरात येऊ द्यावे, म्हणजे प्रत्येक खलाशामागे ठरावीक नाणी आणि शेवटी जहाजसुद्धा आपणास देऊ, असा निरोप पाठविला. जहाजात हस्तिदंत होते, दारूची पिंपे होती. ट्रॉटने अंगणात आलेली लक्ष्मी परत पाठविली नाही. पुढे बभ्रा झाला तेव्हा, हे लोक चाचे आहेत हे मला ठाऊकच नव्हते, असे तो म्हणाला.

चाच्यांची टोळी तेथून पांगली. जॉन डॅन नावाचा एकजण इंग्लंडमध्ये रॉचेस्टर गावी उतरला असता, त्याची रुई भरलेली बंडी एका मोलकरणीला फार जड लागली. पाहते तो शिवणीत हजार पौंडांहून अधिक किमतीचे सोने! तिने ते दडविले नाही, आणि डॅन पकडला गेला. त्याच्या साक्षीवरून त्याच्या साथीदारांवर लंडनमध्ये खटला चालला. पहिल्या ज्युरीने तर त्यांना निर्दोष सोडले. मग बंडाचा दुसरा आरोप ठेवून पुन्हा खटला झाला आणि नोव्हेंबर १६९६ मध्ये पाचजणांना फाशी झाली. एव्हरी कधीच सापडला नाही. ट्रॉटचे पद गेले, फ्लेचरला १६९८ साली परत बोलाविले, फिलिप्सला सल्लागार मंडळ सोडावे लागले. पण तिघांपैकी कोणाच्या गळ्याला दोर लागला नाही. फिलिप्सने आपल्या जहागिरीत बांधलेले दगडी देऊळ आजही उभे आहे. सुळी गेले ते खलाशी. माल पचविणारे आपापल्या घरी सुखाने मेले.

नासाऊचे नाव वीस वर्षांनी पुन्हा गाजले. १७१३ साली युरोपातले मोठे युद्ध संपले आणि आरमारातले हजारो खलाशी बेकार झाले. नासाऊला तेव्हा धड राज्यकर्ताच उरला नव्हता. तेथे चाच्यांचे राज्य झाले. ब्लॅकबिअर्ड, चार्ल्स व्हेन, जॅक रॅकम ही नावे त्याच काळातली. १७१७ च्या सप्टेंबरात राजाने माफीचा जाहीरनामा काढला आणि १७१८ च्या जुलैमध्ये वुड्स रॉजर्स गव्हर्नर होऊन आला. त्याने माफी मागणाऱ्यांना माफी दिली, किल्ला दुरुस्त केला आणि पुन्हा चाचेगिरी करणाऱ्यांपैकी आठजणांना डिसेंबरात फासावर चढविले. चाच्यांचा मुख्य थारा मोडला तो असा. काही वर्षांतच त्या समुद्रातली चाचेगिरी ओसरली. पदरचा पैसा खर्चून हे काम केल्यामुळे रॉजर्सला मात्र पुढे कर्जापायी तुरुंगात बसावे लागले. थारा देणारे गव्हर्नर श्रीमंत झाले आणि थारा मोडणारा कर्जबाजारी!

रॅकमच्या जहाजावर ॲन बॉनी आणि मेरी रीड या दोन स्त्रिया पुरुषी वेषात होत्या, हे पुष्कळजणींनी ऐकले असेल. १७२० साली जमैकात त्यांना फाशीची शिक्षा झाली. दोघी गरोदर असल्याने ती तहकूब झाली. मेरी दुसऱ्या वर्षी तुरुंगातच मेली. त्यांच्या धाडसाच्या गोष्टी चवीने सांगितल्या जातात. मला मात्र 'गंज-इ-सवाई'वरच्या बायका आठवतात आणि ती चव नाहीशी होते.

ब्लॅकबिअर्ड नासाऊ सोडून उत्तर कॅरोलिनात गेला. तेथल्या गव्हर्नरने त्याला माफी दिली. २२ नोव्हेंबर १७१८ रोजी तो लढाईत मारला गेला. मागाहून त्याच्या लुटीतली साखरेची २० पिंपे सापडली ती वसाहतीच्या चिटणिसाच्या कोठारात, वैरणीखाली झाकून ठेवलेली! हाच गृहस्थ तेथला मुख्य न्यायाधीशही होता.

आता माझ्या नातीच्या प्रश्नाकडे येते. आंग्रे चाचे होते का?

कान्होजी आंग्रे छत्रपतींचे सरखेल होते. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांच्या पक्षाला मिळाले आणि त्यांचे सरखेलपद पक्के झाले. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग हे त्यांचे किल्ले म्हणजे लपण्याची बिळे नव्हती. त्यांवर राज्याचे निशाण होते. आपल्या समुद्रातून जाणाऱ्यांनी आपले दस्तक घ्यावे, न घेतल्यास जहाज धरू, असा त्यांचा दंडक होता. पोर्तुगीजांनी हीच पद्धत दोनशे वर्षांपूर्वी या समुद्रावर घातली होती. फिरंग्यांनी केली तर ती सत्ता आणि आंग्र्यांनी केली तर ती चाचेगिरी, असा इंग्रजांचा न्याय होता. आंग्र्यांच्या गलबतांनी कोणाला त्रास दिला नाही असे मी म्हणत नाही. पकडलेल्या जहाजावरच्या व्यापाऱ्याला दंडक आणि लूट यांतला फरक फारसा जाणवला नसेल. पण धरलेला माल कोणाच्या नावे धरला आणि त्याचा जाब कोणाला विचारायचा, हे उघड होते. थाऱ्याच्या बंदरात नेमके हेच कोणी सांगत नाही.

या प्रकरणाचा एक शेवट मला फार बोलका वाटतो. मादागास्करच्या चाच्यांचा निकाल लावण्यासाठी इंग्लंडच्या राजाने कमोडोर टॉमस मॅथ्यूज याला चार लढाऊ जहाजे देऊन पाठविले. तो १७२१ साली मुंबईस आला आणि डिसेंबरात पोर्तुगीजांबरोबर आंग्र्यांच्या कुलाब्यावर चालून गेला. आपण ज्या किल्ल्यात गणपतीचे दर्शन घेतले, तोच हा किल्ला. हल्ला फसला, मराठी फौज मदतीस आली आणि पोर्तुगीजांनी पेशव्यांशी तह करून अंग काढून घेतले. मग मॅथ्यूज आपल्या मूळ कामगिरीवर मादागास्करला गेला. तेथे त्याने चाच्यांचे पारिपत्य काय केले? त्या आरमारातील क्लेमेंट डाउनिंग याने लिहून ठेवले आहे की, त्यांना बूट, मोजे, टोप्या आणि दारू विकली! फिलिप्सची ती जुनी यादीच जणू पुन्हा उघडली. राजाच्या जहाजांतून खाजगी व्यापार केल्याबद्दल १७२४ साली मॅथ्यूजवर लष्करी न्यायालयात खटला होऊन त्याला दोषी ठरविण्यात आले. आंग्र्यांना चाचे म्हणून त्यांच्यावर तोफा डागणारा कोण आणि चाच्यांचा दुकानदार कोण, हे आता नातीला सांगणे मला अवघड राहिले नाही.

मैत्रिणींनो, परक्यांची ही उणीदुणी काढून मला थांबता आले असते. पण वाचताना मला माझीच एक गोष्ट आठवली, ती सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. माझे नुकतेच लग्न झाले होते. परदेशी कापडाचे तेव्हा फार अप्रूप असे. दुपारी घरोघर हिंडणारी एक बाई बोचक्यातून परदेशी नायलॉनच्या साड्या आणी. दुकानापेक्षा तिचा भाव निम्मा. मी एक मोरपंखी साडी निवडली. सासूबाई माजघरातून पाहत होत्या. बाई पाणी प्यायला ओटीवर गेली तशी त्या हळूच म्हणाल्या, "सूनबाई, एवढी स्वस्त कशी गं? माल आला कुठून, विचारलंस का?" मी म्हटले, "सगळ्याच घेतात हो, आई." त्या म्हणाल्या, "सगळ्याच घेतात, म्हणून तर ती येते."

मी ती साडी घेतली. चोरटा माल किनाऱ्यावर उतरतो, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या मला माहीत नव्हते असे नाही. मी विचारले नाही, कारण विचारले असते तर साडी घेता आली नसती. ट्रॉट गव्हर्नरनेही तेच केले होते. त्याचे जहाज मोठे, माझी साडी लहान, एवढाच काय तो फरक. सासूबाई त्यावर पुन्हा कधी बोलल्या नाहीत. मात्र संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी ती साडी नेसले तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले, ते मी अजून विसरलेले नाही.

परवा नात घरी आली तेव्हा तिला ही सारी हकीकत सांगितली, साडीसकट. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "आजी, ती साडी अजून आहे?" आहे. ट्रंकेच्या तळाशी आहे. तिला काढून दाखविली.